क्षेत्र पाचपट, आकार कोरा : ग्वाना काठच्या जमीन अदलाबदलीचं प्रकरण

गेल्या शनिवारी आमच्या अभ्यासवर्गात मी फळ्यावर दोनच आकडे लिहिले. द्यायचे ६०० एकर, मिळणार ३,०६६ एकर. मुलांना म्हटलं, जमीन सरकारी आहे, समुद्रकाठची आहे, लोकांना फिरायला आणि मासे धरायला खुली आहे. एक कंपनी म्हणते, यातले सहाशे एकर आम्हाला द्या, बदल्यात आम्ही पाचपट देतो. करायची का अदलाबदल? चौदा जणांपैकी अकरा हात वर गेले. ही कायदा शिकणारी मुलं आहेत, हुशार आहेत, आणि त्यांनी हात वर केले याचं मला नवल वाटलं नाही. मीही एकदा असाच हात वर केला होता. ते पुढे सांगतो.

माझी सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. सुरुवात शंकू साखळीवर झाली. ही साखळी तेहतीस फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस झाले की एकर. हे माप इतकं चोख आहे की मोजणारा आणि मोजून घेणारा, दोघेही त्यावर डोळे मिटून विसंबतात. पण सातबारा ज्यांनी नीट वाचला आहे त्यांना ठाऊक असेल, तिथे क्षेत्राबरोबर आणखी एक गोष्ट लिहिलेली असते : आकार. म्हणजे त्या जमिनीवर बसवलेला सारा. तो ठरवताना जुन्या जमाबंदीत मातीचा पोत, पाण्याची सोय, बाजारपेठेचं अंतर पाहिलं जाई. दोन गटांचं क्षेत्र सारखं असलं तरी एकाचा आकार दुसऱ्याच्या तिप्पट असू शकतो. आज तो आकडा रुपयांत क्षुल्लक वाटतो. पण जमीन किती आहे आणि जमीन कशी आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे आपल्या महसूल खात्याला दीडशे वर्षांपूर्वी कळत होतं, याची ती साक्ष आहे.

फळ्यावरच्या दोन आकड्यांत क्षेत्र होतं, आकार नव्हता. हे आकडे ज्या खऱ्या प्रस्तावातले, तो लोकांसमोर आला तेव्हाही गाजले ते एकराचेच आकडे.

जागा

हे प्रकरण अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातलं, २०२४ च्या सप्टेंबरमधलं. ग्वाना नदी वन्यजीव क्षेत्र हे सेंट जॉन्स कौंटीत (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), सेंट ऑगस्टीन या जुन्या शहराच्या उत्तरेला आहे. पूर्वेला अटलांटिक महासागर, पश्चिमेला टोलोमाटो नदी आणि मधे ग्वाना. सुमारे ९,८०० एकरांचा हा पट्टा. राज्य सरकारने ही जमीन १९८४ मध्ये संरक्षणासाठी म्हणून लोकांच्या पैशांतून विकत घेतली. तिथे लोक चालायला, सायकल फिरवायला, मासे धरायला, हंगामात परवान्याने शिकारीलाही जातात. शेजारची खाडी आणि दलदल राष्ट्रीय संशोधन राखीव क्षेत्रात येते.

नाशिककरांना ही जागा डोळ्यांसमोर आणायची तर नांदूर मध्यमेश्वर आठवावं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर ब्रिटिशकाळात सिंचनासाठी बंधारा घातला, गाळ साचला, उथळ पाणी पसरलं आणि पक्षी आले. २०२० मध्ये तो महाराष्ट्रातला पहिला रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरला. ग्वानाचं उलट आहे. तिथे १९५७ मध्ये बांध घातला तोच बदकांसाठी, हिवाळी पाहुण्यांना पाणी असावं म्हणून. उद्देश वेगळे असले तरी दोन्हीकडे काठाची जमीन पाण्याबरोबर हलते. आपल्याकडे पाणी ओसरलं की गाळपेर होते. आज पिकाखाली दिसणारी जमीन चार महिन्यांपूर्वी पाण्याखाली असते. अशा ठिकाणी काठ नेमका कुठे संपतो हे नकाशावर एका रेघेत दाखवता येत नाही, हे मी त्या भागात मोजणी करताना अनेकदा अनुभवलं आहे.

कंपनीने मागितलेले सहाशे एकर दलदलीतले नव्हते. ते उंचावरचे होते, कोरडे, झाडीचे. सगळा तिढा इथेच आहे आणि तो समजायला आपल्याकडे नेमका शब्द आहे : पांढरी.

गावाची काळी आणि पांढरी असते. काळी म्हणजे शेतं, पांढरी म्हणजे वस्तीची उंच जागा. क्षेत्रात पाहिलं तर काळीपुढे पांढरी चिमूटभर. पण नदीला पूर आला की गुरं, माणसं, बियाण्याची पोती सगळं पांढरीवर येतं. पांढरी गेली तर काळी कितीही असो, गाव उरत नाही. ग्वानाच्या पट्ट्यात हीच उंच जमीन तिथल्या जिवांची पांढरी आहे. गोफर नावाचं कासव कोरड्या वाळूत खोल बिळं खणतं आणि त्या बिळांचा आसरा साडेतीनशेहून अधिक जातींचे जीव घेतात. बीळ ओल्या जमिनीत खणता येत नाही. समुद्राची पातळी वाढत जाईल तशी दलदलही मागे सरकते. तिला सरकायला पाठीमागे उंच मोकळी जमीन लागते. तिथे घरं झाली तर दलदल समुद्र आणि भिंत यांच्यामध्ये अडकून संपते.

पांढरीचं आणखी एक लक्षण तिथे सापडतं. आपल्या जुन्या नाशकात गोदाकाठी मातीची गढी आहे. पावसाळ्यात तिची दरड ढासळली की बातमी होते. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिकला उत्खनन केलं तेव्हा गोदाकाठच्या वस्तीचा इतिहास दोन हजार वर्षांहूनही मागे गेला. माणूस नदीकाठी राहायला आला की उंचवटा शोधतो, आणि म्हणून जुन्या वस्तीच्या खुणा उंचवट्यावरच मिळतात. ग्वानाच्या द्वीपकल्पावरही मूळ रहिवाशांनी टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग आणि वस्तीच्या खुणा आहेत. त्या उचलून दुसरीकडच्या तीन हजार एकरांत नेता येत नाहीत.

आता ते ३,०६६ एकर. ते एका जागी नव्हते. सेंट जॉन्स, लाफायेट, ऑसिओला आणि व्होल्युशिया अशा चार कौंट्यांत विखुरलेले होते. यातल्या लाफायेट आणि ऑसिओलाला समुद्रच नाही. मी मुलांना विचारलं, गंगापूरजवळची काठाची जमीन घेऊन कोणी तुम्हाला सुरगाण्यात, येवल्यात आणि मालेगावात मिळून पाचपट दिली, तर गंगापूरच्या माणसाने संध्याकाळी फिरायला कुठे जायचं? वर्ग जरा शांत झाला.

कागद

फ्लोरिडाचा कायदा कमजोर नाही, हे आधी सांगायला हवं. राज्यघटनेतच १९९८ च्या दुरुस्तीने तरतूद झाली की संरक्षणासाठी घेतलेली जमीन द्यायची तर ती संरक्षणासाठी आता गरजेची उरलेली नाही असं ठरायला हवं, आणि तेही ती जमीन सांभाळणाऱ्या मंडळाच्या दोन तृतीयांश मतांनी. अदलाबदलीसाठी कायद्यात आणखी एक कसोटी आहे : व्यवहारातून संरक्षणाचा निव्वळ फायदा झाला पाहिजे. प्रस्ताव आधी दहा सदस्यांच्या एका सल्लागार परिषदेपुढे जातो आणि अखेरचा निर्णय गव्हर्नर आणि त्यांच्या मंत्रिमंडळाचा.

या दोन कसोट्या शेजारी ठेवून पाहा. पहिली विचारते, जी देताय ती जमीन नकोशी झाली आहे का? दुसरी विचारते, मिळतंय ते जास्त चांगलं आहे का? गोंधळ होतो तो दुसरीचं उत्तर पहिलीच्या जागी चिकटवल्यामुळे. पाचपट मिळतंय, म्हणजे हे सोडायला हरकत नाही, असा विचार सुरू होतो. पण मिळणारी जमीन कितीही चांगली असली तरी त्यामुळे हातातली जमीन बिनगरजेची ठरत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर जागेवर जाऊन, झाडं-बिळं-पाणी पाहूनच मिळेल. माझ्या मते ग्वानाचा प्रस्ताव तिथेच थांबायला हवा होता.

दुसऱ्या कसोटीतही एक पोटखराबा आहे. सातबाऱ्यावर एकूण क्षेत्रातून पोटखराबा वेगळा दाखवतात, कारण नाला, खडक, उतार हे क्षेत्रात मोजले जातात पण पिकत नाहीत. देऊ केलेल्या जमिनीबाबत विचारायचं ते हेच : यातली किती जमीन एरवीही तशीच राहिली असती? जिथे कोणी बांधणारच नव्हतं ती जमीन सरकारच्या नावावर चढवून वाचवल्याचं श्रेय घेता येत नाही. निव्वळ फायदा काढायचा तर हा भाग आधी वजा करावा लागतो. ३,०६६ मधून किती वजा होतं हे लोकांसमोर मांडून मग चर्चा व्हायला हवी होती.

तशी चर्चा व्हायला वेळच ठेवला नव्हता. परिषदेची बैठक ११ सप्टेंबरला होती आणि लोकांना प्रस्ताव कळला तो जेमतेम आठवडाभर आधी. मागणारी कंपनी 'द अपलँड एलएलसी' नावाची. तिच्यामागे कोण आहे हे त्या नावावरून कळत नव्हतं. चाळीस वर्षं लोकांची असलेली जमीन, आणि ती कोणाला द्यायची हे समजून घ्यायला सात दिवस. आपल्याकडे शेताच्या बांधाची मोजणी असली तरी लगतच्या खातेदाराला आगाऊ नोटीस बजावावी लागते.

पुढे काय झालं

लोक उठले. पक्षी पाहणारे, शिकारी, मच्छीमार, शाळेतली मुलं, दोन्ही पक्षांचे लोकप्रतिनिधी, सगळे एका बाजूला आले. त्याच ऑगस्टमध्ये राज्यातल्या उद्यानांत गोल्फची मैदानं आणि हॉटेलं आणण्याची सरकारी योजना लोकांनी हाणून पाडली होती, त्यामुळे माणसं जागीच होती. बैठकीच्या दोन दिवस आधी, ९ सप्टेंबरला, कंपनीने अर्ज मागे घेतला.

वर्गात इथे टाळ्या पडल्या. मला मात्र या टप्प्यावर थांबावंसं वाटतं. अर्ज मागे घेणं म्हणजे अर्ज फेटाळणं नव्हे. परिषदेने मत दिलं नाही. ती जमीन संरक्षणाला आवश्यक आहे, असा निष्कर्ष कुठेही लिहिला गेला नाही. आपल्या कोर्टातही दावा काढून घेतला की फाइल बंद होते, पण मुद्द्याचा निकाल लागत नाही. उद्या वेगळ्या नावाने, वेगळ्या आकड्याने तीच मागणी आली तर लोकांना पुन्हा शून्यापासून सांगावं लागेल.

हे केवळ भीतीपोटी म्हणत नाही. त्याच वर्षी टेक्सासमध्ये बोका चिका राज्य उद्यानातले ४३ एकर स्पेसएक्स कंपनीला देऊन बदल्यात ४७७ एकर घेण्याचा प्रस्ताव आला. म्हणजे अकरापट. तिथल्या आयोगाने तो ४ मार्च २०२४ रोजी एकमताने मंजूर केला. लोकांनी विरोध केला, काही संघटना न्यायालयात गेल्या, आणि काही महिन्यांनी कंपनीनेच हा व्यवहार सोडून दिला. दोन्हीकडे काठ वाचला, पण दोन्हीकडे शेवटचा शब्द मागणाऱ्याचा होता. जमिनीचा मालक असलेल्या जनतेच्या वतीने कोणी 'नाही' असं कागदावर लिहिलं नाही.

भारतात तसं लिहिलेलं आहे, आणि ते आपल्या मुलांना पाठ असायला हवं. बंगळूरमध्ये बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय न्यायालयात रद्द झाला आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. लखनौच्या झंडेवाला पार्कखाली बांधलेला बाजार काढून बाग पूर्ववत करा, असा आदेश १९९९ मध्ये झाला. १९९७ च्या कमलनाथ प्रकरणात बियास नदीच्या काठाबाबत न्यायालयाने स्पष्ट केलं की अशा संपत्तीचा शासन मालक नाही, विश्वस्त आहे. विश्वस्ताला अदलाबदल करताच येत नाही असं नाही, पण त्याने आधी ज्याच्यासाठी विश्वस्त आहे त्याचा विचार करायचा असतो. महाराष्ट्रात विकास आराखड्यातलं बागेचं आरक्षण हलवायचं तर प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली नोटीस काढून एक महिन्यात हरकती मागवाव्या लागतात. महिनासुद्धा थोडाच, पण सात दिवसांपेक्षा बरा. अडचण अशी की ती नोटीस वाचतो कोण, आणि वाचली तरी तिच्यातलं क्षेत्र पाहून समाधान मानतो.

दोन अदलाबदली

निफाड तालुक्यात, गोदाकाठच्या एका गावी, दोन चुलत भावांची अदलाबदल मी मोजली होती. एकाची जमीन नदीलगत मळईची, दुसऱ्याची वर माळाला. एकरांत माळाची जमीन अडीचपट भरत होती. पंचनामा लिहायला बसलो तर थोरल्याची आई ओट्यावरून उठून आली. तिने क्षेत्र विचारलंच नाही. विहिरीतला हिस्सा कोणाकडे राहणार, पाणंद बैलगाडीची आहे की नुसती पायवाट, उन्हाळ्यात पाणी कितीवर जातं, पुरात गुरं कुठे नेणार, आंब्याची सावली कोणाच्या बांधावर पडते, असं एकेक विचारत गेली. दुपारभर बोलणं चाललं. शेवटी अदलाबदल झाली, पण नदीलगतच्या तुकड्यातून चार गुंठ्यांचा उंचवटा तिने राखून ठेवला. बदल्यात कितीही घ्या म्हटलं तरी सोडला नाही. २००८ च्या सप्टेंबरात गोदावरीला महापूर आला, त्या रात्री त्या भावकीची गुरं तिथे बांधलेली होती, हे मला नंतर कळलं.

आपल्या शासनाच्या सलोखा योजनेतही हेच शहाणपण आहे. एकाच्या नावावरची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि त्याची याच्या, अशी स्थिती किमान बारा वर्षांची असेल तर १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १०० रुपये नोंदणी शुल्क भरून अदलाबदल नोंदवता येते. बारा वर्षं दोघांनी ती माती कसलेली असते. तिथे काय पिकतं आणि काय बुडतं हे दोघांनाही माहीत असतं.

दुसरी अदलाबदल माझ्या स्वतःच्या वसाहतीची. नाव-गाव सांगत नाही. लेआउटमध्ये मधोमध चौदा गुंठ्यांची मोकळी जागा होती, ओपन स्पेस. तिथे कडुलिंबाखाली म्हातारी माणसं बसत. विकासकाने सुधारित आराखड्यात ती जागा मागितली आणि नाल्याच्या बाजूला बावीस गुंठे देऊ केले. संमतीपत्र फिरलं. माणसांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मोजणी हा माझा धंदा. मी जागेवर जाऊन टेप लावली. बावीस गुंठे भरले, वर थोडे जास्तच. मी सही केली आणि माझी सही पाहून इतरांनी केली.

ती जागा पूररेषेच्या निळ्या रेषेत होती. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती, आणि तिच्या आत बांधकाम होत नाही. म्हणजे जे विकासकाला एरवीही वापरता येणार नव्हतं ते त्याने आम्हाला दिलं आणि आमचा उंचवटा नेला. पहिल्याच पावसात तिथे घोट्याच्या वर पाणी साचलं आणि दिवाळीपर्यंत चिखल हटला नाही. मुलं रस्त्यावर क्रिकेट खेळतात. कडुलिंबाच्या जागी सात मजल्यांची इमारत आहे. माझी मोजणी एका चौरस फुटानेही चुकली नव्हती. मी लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची, घेतली नाही, एवढंच. रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावरून पुराचा अंदाज घेणाऱ्या गावात राहून मला उंची पाहायचं सुचलं नाही, याची बोच अजून जात नाही.

म्हणून आता अदलाबदलीची कोणतीही फाइल समोर आली की मी क्षेत्राचं पान उलटून ठेवतो. आधी दोन्ही जागांच्या उंचीचे आकडे मागतो, पूररेषेचा नकाशा मागतो. मग पाहतो की आज ती जागा कोण वापरतं आणि नवी जागा त्याच माणसाच्या पायाच्या अंतरावर आहे का. देणारा जे देतोय ते त्याला स्वतःला वापरता येत होतं का, हे विचारतो. देणाऱ्याचं खरं नाव मागतो. आणि अर्ज मागे घेतला गेला तरी कार्यालयाने आपलं मत लेखी नोंदवावं असा आग्रह धरतो, पुढच्या वेळी कामी येतं म्हणून. ग्वानाच्या लोकांनी फार मोठं काम केलं. त्यांच्या हातात ते एक लेखी 'नाही' असायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

आमच्या शेजारच्या लेआउटमध्ये मोकळ्या जागेच्या अदलाबदलीचं बोलणं सध्या सुरू आहे. नऊ गुंठ्यांना सोळा गुंठे. येत्या रविवारी सकाळी डंपी लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, घेऊन मी तिथे जाणार आहे. शनिवारी हात वर केलेल्या मुलांपैकी दोघं स्टाफ, म्हणजे आकड्यांची उभी पट्टी, धरायला येताहेत. पाऊस नसला तर दहापर्यंत दोन्ही जागांची लेव्हल निघेल, आणि सोमवारी ती संमतीपत्राला जोडून वसाहतीच्या फलकावर लावू.